निवाडा कोणी करावा?

(आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त झालेल्या तीन दिवसांच्या आध्यात्मिक तयारीच्या दुसऱ्या सायंकाळी धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आज मी ख्रिस्तशरीराच्या संस्काराविषयी बोलावे असे पूर्वी ठरले होते. तो विषय मी उद्यावर ढकलला आहे, आणि तसे का केले ते प्रथम सांगितले पाहिजे.

आपल्या महोत्सवाच्या मिस्सेत, या धर्मग्रामात आजवर मृत्यू पावलेल्या सर्व बंधुभगिनींची नावे वाचावीत, असा विचार मंडळाच्या बैठकीत निघाला व तो सर्वांस पसंत पडला. मृतांची नोंदवही पाहून यादी करण्याचे काम दोघा तरुणांकडे सोपविले. बैठक संपता संपता एका वयस्क गृहस्थांनी हलक्या आवाजात विचारले, "फादर, सगळीच नावे वाचायची काय?" त्यांच्या मनात कोणती नावे आहेत, हे त्यांना कोणी विचारले नाही. विचारण्याची गरजच कोणाला भासली नाही. क्षणभर सर्वांनी खाली पाहिले, मग कोणीतरी मंडपाच्या भाड्याचा विषय काढला आणि आम्ही सारे मोठ्या उत्साहाने त्याविषयी बोलू लागलो.

मीही त्या वेळी उत्तर दिले नाही. ते आज देत आहे. ज्या गृहस्थांनी प्रश्न विचारला त्यांना मी दोष देत नाही. त्या घरच्या माणसांना चारचौघांत अवघडल्यासारखे होऊ नये, एवढाच त्यांचा हेतू असेल. नव्हे, तसाच होता असे मी धरून चालतो, आणि तसे धरून का चालावे हेच आज सांगावयाचे आहे.

ज्यांनी स्वतःच्या हातांनी आपल्या जीवनाचा शेवट केला, अशांची नावे आपल्या नोंदवहीत आहेत. ती किती आहेत हे मी सांगणार नाही, आणि तुम्हीही मनातल्या मनात मोजू नये.

आपला वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. त्यानंतर आठच वर्षांनी, जुलै 2006 मध्ये, पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची योजना जाहीर केली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वर्धा आणि वाशिम. आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर वाचले गेले ते अशा यादीत. कारण तुम्हांस पुस्तकातून शिकवावयास नको. कोरडवाहू जमीन, वर आभाळ, हातात उधारीचे बियाणे. पहिला पाऊस पडून गेला, पेरणी झाली आणि मग पंधरा दिवस ढग आलेच नाहीत, म्हणजे दुबार पेरणी. कापूस, सोयाबीन, तूर यांपैकी एक हाती लागले तर दुसरे जाते, आणि लागलेच तर भाव पडतो. घेतलेले कर्ज तेवढे पावसाची वाट न पाहता वाढते.

असा मनुष्य गेला म्हणजे त्याच्या मागे तीन न्यायासने मांडली जातात. पहिले सरकारचे, दुसरे ख्रिस्तसभेचे आणि तिसरे आपले. या तिघांविषयी क्रमाने बोलतो.

सरकारने अशा कुटुंबास एक लाख रुपयांचे साहाय्य देण्याचे ठरविले. सार्वजनिक पैसा द्यावयाचा म्हणजे नियम हवेत. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसते आणि प्रश्न पाहते. जमीन कुटुंबाच्या नावे आहे काय? नापिकी झाली होती काय? कर्ज बँकेचे, सोसायटीचे अथवा परवाना असलेल्या सावकाराचे होते काय? परतफेडीचा तगादा होता काय? कागद जुळले तर प्रकरण 'पात्र', न जुळले तर 'अपात्र'. ज्याने मेहुण्याकडून हातउसने घेतले, ज्याची कृषी केंद्रात वहीवर उधारी होती, ज्याला बिनपरवान्याच्या सावकाराने गाठले, त्याचे दुःख कमी होते असे नव्हे, पण त्याच्या दुःखाचा कागद नसतो. त्या टेबलामागे बसलेल्या कारकुनास मी दोष देणार नाही. तो कागद तपासतो, आत्मा तपासत नाही, आणि तसा दावाही करीत नाही. घोटाळा पुढे होतो. तो 'अपात्र' शब्द तहसील कचेरीतून निघतो, यष्टीत बसतो आणि गावात उतरतो तो निराळाच अर्थ घेऊन. कचेरीत त्याचा अर्थ 'कागद अपुरे' एवढाच होता. गावात त्याचा अर्थ होतो, 'मेला तो शेतीपायी नव्हे. दुसरेच काही होते.' झाले! विधवेच्या पदरी लाख रुपये तर पडत नाहीतच, वर एक प्रवाद पडतो.

कायद्याचाही विचार करा. 1860 च्या भारतीय दंडसंहितेच्या 309 व्या कलमान्वये आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या मनुष्यास एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकत असे. जगणे असह्य झालेला मनुष्य शुद्धीवर येई तो उशाशी शिपाई! 1986 साली मुंबई उच्च न्यायालयाने, मनाच्या व्याधीने ग्रस्त असलेल्या एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात, हे कलम घटनेविरुद्ध ठरविले. 1994 साली सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला आणि 1996 साली तो फिरविला. अखेर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितले की, असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरावे, त्याला शिक्षा करू नये आणि त्याच्या उपचाराची व्यवस्था सरकारने करावी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ते जुने कलम उरलेले नाही. दीडशेहून अधिक वर्षे लागली. पण कायदा शिकला.

आता ख्रिस्तसभा. येथे मला स्वतःच्या घराविषयी बोलावयाचे आहे, तेव्हा आडपडदा ठेवीत नाही. 1917 च्या धर्मसभेच्या कायद्यातील 1240 व्या कलमान्वये, जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास, त्याने मरणापूर्वी पश्चात्तापाचे चिन्ह दाखविले नसेल तर, ख्रिस्ती दफनविधी नाकारलेला होता. या नियमाने किती घरांची दारे आतून बंद झाली असतील ते देवच जाणे. परंतु त्याच कलमात पुढे असेही होते की, शंका असेल तर बिशपांस विचारावे, आणि विचारूनही शंका उरली तर दफन द्यावे. कठोर कायद्याच्या पोटातही दयेची ही फट ठेवलेली होती. 1983 च्या कायद्यात दफन नाकारण्याच्या कारणांतून आत्महत्या वगळण्यात आली. 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत: जीवन देवाचे आहे, ते संपविण्याचा अधिकार आपला नाही, आणि ही कृती पाचव्या आज्ञेविरुद्ध गंभीर आहे, तसेच, मनाची तीव्र व्यथा, भीती अथवा यातना मनुष्याची जबाबदारी कमी करू शकते, आणि अशा आत्म्याच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, त्याच्यासाठी प्रार्थना करावी. धर्मगुरूंचे आश्रयदाते आर्सचे संत जॉन व्हियानी यांच्या चरित्रात सांगतात की, अशाच एका विधवेला त्यांनी धीर दिला. तिच्या पतीला कृती आणि मृत्यू यांच्या मधल्या अवधीत पश्चात्ताप करावयास वेळ मिळाला होता, असे ते म्हणाले. केवढासा तो अवधी! तेथे ना साक्षीदार, ना पंच. तेथे फक्त देव होता.

राहिले तिसरे न्यायासन. ते पारावर असते, पाणवठ्यावर असते, लग्नाच्या पंगतीत असते, आणि, क्षमा करा, मिस्सा सुटल्यावर आपल्या चर्चच्या पायरीवरही असते. त्याला कलम नाही, मुदत नाही, अपील नाही. सरकार मागे सरले, ख्रिस्तसभा मागे सरली. ज्यांना न्याय करण्याचा काही अधिकार होता त्यांनी मनुष्याच्या अंतःकरणाच्या दारातून पाय मागे घेतला. आणि ज्यांना मुळीच अधिकार नव्हता ते आपण अजून आत बसलो आहोत.

मग मनुष्याने न्याय करूच नये काय? तसे नाही. हे नीट समजून घ्यावे, नाहीतर 'कोणाला काही म्हणू नये' अशा आळशी चांगुलपणालाच आपण दया म्हणू लागू. बाप मुलाचा न्याय करतो, शिक्षक उत्तरपत्रिकेचा, न्यायाधीश आरोपीचा. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या 'सुम्मा' ग्रंथात न्याय योग्य ठरावा म्हणून तीन अटी सांगितल्या आहेत. तो न्यायबुद्धीतून निघावा. ज्याला अधिकार आहे त्यानेच करावा. आणि तो निश्चित ज्ञानावर उभा असावा. पहिली अट मोडली तर तो अन्याय, दुसरी मोडली तर ती अधिकाराची चोरी, तिसरी मोडली तर तो उतावळा निवाडा. आपण समजतो की आपला निवाडा खोटा ठरला तरच पाप. तसे नाही. निवाडा खरा ठरूनही तो चोरीचा असू शकतो. चोराने उचललेला रुपया काही खोटा नसतो.

त्याच ठिकाणी हे संत संशयाची तीन मुळे सांगतात. जो स्वतः वाईट असतो त्याला दुसरेही तसेच दिसतात. ज्याचा आपण हेवा अथवा तिरस्कार करतो त्याच्याविषयी वाईट खरे मानावयास आपण टपलेले असतो. आणि तिसरे मूळ म्हणजे दीर्घ अनुभव, त्यामुळे वृद्ध माणसे फार संशयी असतात. सेमिनरीत हे वाचताना आम्ही मुले हसलो होतो, कारण आमचे एक वृद्ध प्राध्यापक डोळ्यांसमोर आले. आता माझी पन्नाशी उलटली आहे, आणि त्या ओळीपाशी आलो म्हणजे मला हसू येत नाही. तीस वर्षे माणसे पाहिली म्हणजे कोणी तोंड उघडण्यापूर्वीच तो काय बोलणार हे कळते, असे वाटू लागते. पुष्कळदा ते खरेही ठरते, आणि तोच मोठा धोका आहे.

येथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुमारे वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, पहाटे निरोप आला. आमच्यातलाच एक लहान शेतकरी गेला होता, आणि कसा गेला ते निरोप्याच्या चेहऱ्यावरूनच समजले. मी निघालो. दफनाविषयी माझ्या मनात शंका नव्हती; कायदा मला ठाऊक होता आणि तो मी पाळणार होतो. स्वतःविषयी मला थोडे समाधानही वाटत होते, की आपण काही जुन्या कठोर पिढीतले नव्हे. घरी पोचलो. अंगणात माणसे बसली होती. मयताच्या भावाला मी बाजूला घेतले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "दारू घेत होता काय?"

त्याची विधवा दाराच्या आडच होती. ती बाहेर आली. ती रडत नव्हती. म्हणाली, "फादर, सकाळपासून साऱ्यायनं हेच इचारलं. तुमी बी तेच इचारता काय?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी घाईने प्रार्थनेस सुरुवात केली. प्रार्थनेच्या आड लपता येते, हे धर्मगुरूंस चांगले ठाऊक असते.

अशा गोष्टीत पुढे तो मनुष्य कधीच दारू पीत नव्हता असे निघते, आणि ऐकणारे सुस्कारा सोडतात. येथे तसे काही निघाले नाही. तो पीत होता. माझा तर्क बरोबर होता. पण तो बरोबर ठरल्याने मला त्या मनुष्याविषयी काय कळले? तो कोणत्या वर्षापासून पिऊ लागला, पेरणी वाया गेली त्या वर्षी की मुलगी आजारी पडली त्या वर्षी. त्याआधी किती रात्री तो न पिता जागा राहिला. कितीदा हे सर्व संपवावे असे मनात येऊन त्याने ते परतवून लावले, आणि त्या जिंकलेल्या रात्रींची नोंद कोणत्या वहीत झाली? मी फक्त हरलेली रात्र पाहिली, आणि तिच्यासाठीही एक शब्द आधीच तयार ठेवला होता. तो प्रश्न मला मुळात का सुचला? कारण 'दारू' असे उत्तर मिळाले असते तर माझी सुटका होती. मग त्याचे मरण त्याच्यामुळे झाले असते. मी त्याच्या घरी चार महिन्यांत गेलो नव्हतो, हा प्रश्न निघाला नसता.

बंधुभगिनींनो, आपण दुसऱ्याचा निवाडा का करतो, याचे उत्तर मला त्या अंगणात मिळाले. पुष्कळदा आपल्याला सत्य नको असते. आपल्याला मोकळे व्हावयाचे असते.

पवित्र शास्त्रातील ईयोब हा शेतकरीच होता. त्याच्याजवळ पाचशे बैलजोड्या होत्या, आणि नांगर चालू असतानाच ते बैल लुटून नेले गेले, असे त्या ग्रंथात आहे. गुरे गेली, लेकरे गेली, अंगभर फोड उठले. त्याचे तीन मित्र दुरून भेटीस आले. त्यांनी त्याला ओळखलेही नाही, इतका तो बदलला होता. ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि सात दिवस व सात रात्री एक शब्दही बोलले नाहीत. एवढे आपणांपैकी कोणी करू शकेल काय? मी करू शकलो नाही; मी सात मिनिटेही गप्प बसलो नाही. पण आठव्या दिवशी त्यांनी तोंड उघडले, आणि मग त्यांचे थांबेना. तू काही केले असशील. तुझ्या मुलांनी केले असेल. निर्दोष मनुष्यावर असे येत नाही. सगळे मोठ्या धार्मिक भाषेत, देवाची बाजू घेऊन! आणि शेवटी देव बोलला तेव्हा त्याने त्या तिघांना सांगितले की, माझ्याविषयी तुम्ही योग्य ते बोलला नाहीत. देवाचे वकीलपत्र घेऊन उभे राहिलेल्यांना देवाने कोर्टातून बाहेर काढले, आणि ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना केली तेव्हाच त्यांची क्षमा झाली.

एलिया संदेष्ट्याची गोष्टही अशीच विलक्षण आहे. एवढा मोठा देवाचा मनुष्य, पण एके दिवशी रानात झुडपाखाली बसून त्याने देवाला सांगितले की आता पुरे, माझा प्राण घे. देवाने त्याला रागावून उपदेश केला काय? दूत आला. त्याने त्याला उठविले, भाकर दिली, पाणी दिले. तो खाऊन पुन्हा झोपला. दूत पुन्हा आला, पुन्हा भाकर आणि पाणी. पुढचा प्रवास फार लांबचा आहे, एवढेच त्याला सांगितले. ज्याला मरावेसे वाटते त्याच्याशी कसे वागावे, याचा याहून सोपा धडा मला ठाऊक नाही.

म्हणून येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगतो. या बाकांवर कोणी असा विचार मनात घेऊन बसलेला असेल. मला तो चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. ओळखता येतो असे मी समजत होतो, पण येत नाही. त्याने रात्री कितीही वाजता माझे दार ठोकावे. माझ्याशी बोलावयास संकोच वाटत असेल तर 14416 हा सरकारचा 'टेली-मानस' दूरध्वनी आहे. तेथे आपल्या भाषेत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. आणि ज्यांना आपल्या शेजाऱ्याविषयी काळजी वाटते त्यांनी त्याला सरळ विचारावे. विचारल्याने तसला विचार मनात भरत नाही. उलट ओझे हलके होते. चौकशी आणि निवाडा यांत फरक आहे. चौकशी मनुष्य जिवंत असताना करतात.

नावाड्यासारखे या काठावरून त्या काठावर माणसांना पोचविणे हे माझे काम. पलीकडे त्यांचे काय होते हे मला दिसत नाही. पापनिवेदनाच्या आसनावर मी न्यायाधीश म्हणून बसतो असे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1551 साली सांगितले आहे. परंतु ते न्यायासन किती निराळे आहे ते पाहा. तेथे आरोपी स्वतः होऊन येतो, फिर्यादही तोच सांगतो, साक्षही तोच देतो, आणि त्याने सांगितले त्याहून अधिक काही मला ठाऊक नसते. तेथे ऐकलेले मी बाहेर कधीही उच्चारू शकत नाही. आणि तेथून उठल्यावर गुडघे टेकून मलाही दुसऱ्या धर्मगुरूपुढे जावे लागते. ज्या एकाच ठिकाणी मला खरोखर न्याय करण्याचा अधिकार दिला आहे, तेथे इतकी बंधने आहेत. मग पायरीवर उभे राहून, चहाच्या पेल्याबरोबर, मी कोणत्या अधिकाराने बोलू?

आता तो प्रश्न. महोत्सव हा शब्द आपण सहज वापरतो. जुन्या करारात, लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात, पन्नासाव्या वर्षी प्रायश्चित्ताच्या दिवशी शिंग फुंकून तो सुरू करावयाचा असे. त्या वर्षी गहाण पडून अथवा विकून गेलेली वडिलोपार्जित जमीन मूळ घराकडे परत यावयाची, आणि गरिबीपायी स्वतःला विकून घेतलेला मनुष्य आपल्या माणसांत परतावयाचा. म्हणजे महोत्सव हा प्रथम कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचा सण होता. अशा सणाच्या मिस्सेत त्याचेच नाव गाळून आपण काय साजरे करणार?

नोंदवहीत नाव, वय, मृत्यूची तारीख, दफनाची तारीख आणि धर्मगुरूची सही आहे. यादी तारखेच्या क्रमाने तयार झाली आहे आणि काल मी ती तपासली. नावे सगळी आहेत. वाचताना कोणत्याही नावाशी आवाज खाली जाणार नाही, हे वाचणाऱ्या दोघांना मी सांगितले आहे. एका माउलीने मला निरोप पाठविला की ती येईल, पण मागच्या दाराशी उभी राहील, म्हणजे नाव होताच निघता येईल. तिच्यासाठी पुढून तिसऱ्या बाकावर, भिंतीकडची जागा राखली आहे. शेजारी कोणी बसावे, ते बायकांनी आपसांत ठरवावे. मिस्सेला साडेआठ वाजता सुरुवात होईल.